सगळ्याला सुरगाठ

बारामतीत मी एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवायचो, तेव्हा माझ्या खोलीत दोन कॉट होत्या. एकीवर मी झोपायचो. दुसरीवर दिवसभर एक वळकटी असायची, सुती दोरीनं बांधलेली, आणि त्या वळकटीचे मालक तिच्याभोवती येरझाऱ्या घालत असायचे. हे गृहस्थ आमच्याच क्लासमध्ये इंग्रजी शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणायचो, आणि ते मला म्हणायचे ‘गणितवाले’. आता मला नाव होतं. आमच्या गावी, लोणी भापकरात, चांगलं पाळण्यात घालून, घुगऱ्या वाटून ठेवलेलं. पण नाही, गणितवाले म्हणजे गणितवाले.

माणूस वाईट नव्हता हो, पण बूड टेकेल तर शपथ. चहा उभ्यानं. जेवण ताट हातात घेऊन, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. मी म्हणायचो, “सर, बसा की जरा. चालताय तुम्ही आणि अपचन मला व्हायला लागलंय.”

“बसलो की काय तरी राहिल्यासारखं वाटतं, गणितवाले.”

“काय राहिलंय?”

“तेच तर आठवत न्हाय.” आणि परत खिडकीकडं.

सकाळी उठले की आधी वळकटी बांधायची, मग तोंड धुवायचं. माझं टाळकं फिरायचं. अहो, परत त्याच कॉटवर झोपायचंय ना? मग बांधता कशाला? “असू दे. बांधलेलं बरं असतंय.” शर्ट दाराच्या कडीला, दाढीचं सामान पिशवीत, पिशवी उंबऱ्याशी. आम्ही एकत्र राहत होतो ते सगळे दिवस हा माणूस आत्ता निघाल्यासारखाच राहिला. घरमालकीणबाई दर महिन्याला मला गुपचूप विचारायच्या, “सर सोडून चाललेत का ओ खोली?”

आणि गाठ कसली मारायचे, तर सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटली. बुटाच्या नाड्यांना सुरगाठ, पिशवीच्या तोंडाला सुरगाठ, शेंगदाण्याच्या पुडीला गुंडाळलेल्या दोऱ्यालासुद्धा सुरगाठ. मी पडलो निरगाठवाला. एकदा बांधलं की दातांनी सोडवायची वेळ आली पाहिजे, त्याशिवाय मला बांधल्यासारखं वाटत नाही. माझी ट्रंक बघून ते हसायचे. “गणितवाले, सामान बांधलंय का दरोडेखोर?”

आता त्यांच्या शिकवण्याचं सांगतो. दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवायचं म्हणजे काळ, प्रयोग, निबंध, पत्र, असा धोपटमार्ग. सर पहिल्या दिवशी वर्गात आले, खिडकीत उभे राहिले आणि म्हणाले, “ह्या खोलीत सुटी वस्तू कुठली हाय, दाखवा.” पोरं बघायला लागली. कुणी म्हणालं खडू. सर म्हणाले, “खडू माझ्या बोटात धरलाय. सुटा कुठं हाय?” कुणी म्हणालं पंखा. “पंखा टांगलाय.” फळा? “ठोकलाय.” बटण? “शिवलंय.” आणि मग त्यांनी आपला सिद्धांत सांगितला, जो पुढं मला झोपेतसुद्धा ऐकू यायचा. जगात सुटं असं काही नसतंच. प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाला तरी लागून, टांगून, चिकटून नाहीतर अडकून असते. ती कशी लागून आहे एवढं सांगता आलं की इंग्रजी आलं.

झालं. पोरांना महिनोन्महिने हेच. टाइड, हुक्ड, स्टिच्ड, ग्लूड, नेल्ड, बोल्टेड, हिच्ड, लिंक्ड. नुसते शब्द नाहीत, हात लावून दाखवायचं. वर्ग उठवून एसटी स्टँडवर न्यायचे, वेल्डिंगवाल्याच्या दुकानात न्यायचे, भाजी मंडईत न्यायचे. आणि एखादं पोरगं कंटाळून नुसतं ‘कनेक्टेड’ म्हणालं की सरांचा पारा चढायचा. “कनेक्टेड हा आळशी शब्द हाय. कनेक्टेड तर सगळंच असतंय. कसं ते सांग! बांधलंय, का चिकटवलंय, का नुसतं शेजारी ठेवलंय?”

क्लासचे मालक हवालदिल. पालक यायचे. पणदऱ्याचे एक ऊसवाले तात्या एकदा लुनावरून आले आणि दारातच म्हणाले, “सर, पोरगं गोठ्यात म्हशीच्या गळ्यात हात घालून इंग्रजी बोलतंय. द बफेलो इज टाइड टू द खुट्टा. चांगलं हाय. पर पास व्हईल का?”

सर येरझारा न थांबवता म्हणाले, “तात्या, म्हैस सोडल्यावर काय म्हणतो तेबी इचारा त्याला. तेवढं आलं की पास.”

तात्यांनी हात टेकले. पोरगं पास झालं, ते नंतरचं.

ह्या शब्दांच्या नादात सरांनी एकदा काय केलं बघा. उसाचा हंगाम होता. आम्ही दोघं इंदापूर रस्त्याला एका टपरीवर चहा पीत होतो, म्हणजे मी बसून आणि ते फिरत. रस्त्याकडेला एक ट्रॅक्टर उभा होता, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. रस्त्यात उभी ट्रॉली दिसली की तिची पिन बघायची सरांना खोडच होती. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा त्यांना दिसलं, मागच्या ट्रॉलीची पिन अर्धी वर आलीय. मग काय, कप टाकला आणि पळाले ट्रॅक्टरच्या बरोबरीनं. हात वर करून ओरडतायत, “अनहुक्ड! अनहुक्ड!”

ड्रायव्हरनं टेप लावलेला मोठ्यानं. त्याला दिसलं काय, तर एक माणूस हात वर करून पळतोय. आमच्याकडं ट्रॉलीमागं पळणारा माणूस म्हणजे ऊस मागणारा, दुसरा कोण? त्यानं हसून क्लीनरला खूण केली आणि क्लीनरनं वरून एक चांगलं जाडजूड कांडं सरांच्या अंगावर टाकलं. सरांनी ते झेललं. तेवढ्यात पिन निघाली, मागची ट्रॉली आपल्या मनानं निघाली आणि शांतपणे कडेच्या चारीत जाऊन बसली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. सर रस्त्याच्या मधोमध, हातात ऊस.

“अहो, मराठीत ओरडायचं ना! पिन निघाली म्हणायचं!” मी बोंबललो.

“नेमका शब्द तोंडात आला, गणितवाले.” आणि ऊस सोलत चालायला लागले.

तर असा हा माणूस. आणि ह्या माणसाची बायको आणि चार-पाच वर्षांची पोरगी इंदापुरात. आश्चर्य वाटलं ना? मलाही वाटलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. वहिनी शिवणकाम करायच्या, घरासमोर छोटं अंगण, मशीन ओट्यावर. सर रविवारी जायचे आणि सोमवारच्या आत परत. इंदापुरातच दोनदा नोकरी लागली होती आणि दोनदा सोडली होती. मी एकदा चिडून विचारलंच, “सर, वहिनी तिकडं, तुम्ही इकडं. तुमचं नक्की काय आहे?”

“काय असायचंय? आमी कनेक्टेड हाय की.”

“आळशी शब्द आहे, सर.”

मी सहज बोललो हो. पण ते थांबले. चालता चालता थांबलेले सर मी पहिल्यांदा बघितले. मग बाहेर गेले आणि अंधार पडल्यावर आले.

पुढच्या रविवारी मला म्हणाले, चला इंदापूरला. गेलो. त्या रस्त्याला जंक्शन नावाचं गावच आहे. तिथं फाटे फुटतात, गाड्या थांबतात. सर जाताना तिथं उतरायचे, येताना तिथं उतरायचे, चहा प्यायचे आणि मागच्या गाडीनं पुढं जायचे. मी म्हटलं, चहा इंदापुरात नाही मिळत का? तर म्हणाले, “हितं बरं वाटतंय. हितं कुणी राहा म्हणत न्हाय.”

घरी पोचलो तर पोरगी अंगणात खेळत होती. आम्हाला बघून आत ओरडली, “आई, पाव्हणं आलं!” मला वाटलं मला म्हणतेय. मी कौतुकानं हसलो. बघतो तर बोट बापाकडं. माझं हसू तिथंच वाळलं.

सरांनी बिस्किटाचा पुडा तिच्या हातात दिला, तिनं शहाण्यासारखा घेतला. दुसऱ्याच्या घरचा खाऊ घेतात तसा. बाकीच्यांची जेवणं झाली, वहिनी मशीनवर बसल्या. सर ताट घेऊन ओट्यावर फिरत होते आणि पिंकी, म्हणजे ती पोरगी, त्यांच्याकडं मान फिरवून फिरवून बघत होती. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “पाव्हणं, तुमी कवा जाणार?”

वहिनींनी मशीन थांबवली.

“ऐकलं? मी न्हाय शिकवलं तिला,” त्या म्हणाल्या. “गल्लीतल्या बाया इचारतात, पाव्हणं आलं का ह्या रविवारी. ती तेच उचलती.” मग माझ्याकडं वळल्या. “भावजी, तुमी साक्षीला हाय म्हणून आज बोलते. कोपऱ्यावरच्या शाळेत इंग्रजीची जागा हाय. हेडमास्तर माझ्या शब्दाखातर थांबल्यात. दिवाळीची सुट्टी संपली की शाळा उघडती, त्या दिवशी ह्यांनी हजर व्हायचं. यायचं तर राहायला या. न्हायतर येऊच नका. बाप न्हाय म्हणून मी पोरीला वाढवीन, पर पाव्हणा बाप मला नको.”

आवाज चढला नव्हता त्यांचा. तो चढला असता तर बरं झालं असतं. सरांनी ताट खाली ठेवलं, पिंकीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले आणि मधेच मागं घेतला. येताना जंक्शनला चहा घेतला, त्यांच्या कपात साय धरली तरी त्यांनी तोंडाला लावला नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्यानं माझ्या नाकी नऊ आले. पायाला भिंगरी होतीच, आता जिवालाही लागली. जाऊ का नको, राहीन का पळीन. दिवसातून चार वेळा वळकटी सोडायची, चार वेळा बांधायची. मी वह्या तपासत बसलेला आणि डोक्यावर हे भूत फिरतंय. “गणितवाले, तिथं जाऊन परत पळालो तर? आता पाव्हणं म्हणती. मग तर तेवढंबी म्हणायची न्हाय.” ही खरी भीती होती. त्यांचा स्वतःच्या पायांवरच भरवसा नव्हता. मला राग यायचा आणि दयाही.

दिवाळीच्या तोंडावर सरांचा थोरला भाऊ मेंढरं घेऊन कोकणाकडं निघाला. बाकी सगळी भावकी शेतीत नाहीतर नोकरीत पांगलेली, पण हा दादा अजून कळप राखून होता. पणदऱ्याच्या शिवारात, मोकळ्या रानात, त्याचा तळ पडला होता. सरांनी पोरांना सायकली काढायला लावल्या. शब्द शिकायला चला म्हणे! मलाही ओढलं.

आम्ही पोचलो तेव्हा तळ हलत होता. घोड्यावर सगळा संसार चढत होता: घोंगड्या, भांडी, जाळी, पाय बांधलेल्या कोंबड्या. पोरं खुश. “टाइड! स्ट्रॅप्ड! हंग!” कोकलत फिरतायत. दादा म्हणजे पागोटं, मिशी आणि मिश्कील डोळे. त्यानं गंमत म्हणून एका दोरीचं टोक ओढलं, तर अख्खा बोजा सर्रकन मोकळा. पोरं आ वासून बघायला लागली.

“सगळ्याला सुरगाठ,” दादा म्हणाला. “रोज मुक्काम हालतोय. सकाळच्या पारी निरगाठी सोडत बसलो तर मेंढरं फुडच्या गावात आन् आमी हितंच. काय मास्तर? तुमच्या सरांची गाठ बघितली न्हाय का? जल्माची सवय हाय ती.”

मला एकदम उजेड पडला. हा माणूस बारामतीच्या खोलीतही तळावरच राहत होता.

तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, “आन् बाबा, ही गाठ?” दुसऱ्या घोड्यावर, बोजाच्या वर, दादाचा नातू बसवला होता. दीड-दोन वर्षांचा, काजळ घातलेला, कमरेला फडकं गुंडाळून बांधलेला.

“त्याला निरगाठ,” दादा म्हणाला. “पोराला सुरगाठ मारून कसं भागंल बाई? घोडं बुजलं, टोक कुठं बाभळीत आडाकलं, की पोरगं खाली. एवढी एकच गाठ आमी निरगाठ मारतो. ह्यालाबी मारलेली,” आणि सरांकडं हनुवटी केली, “हा असाच बसायचा घोड्यावर. रडून गाव गोळा करायचा, सोडा म्हणून.”

पोरं खो-खो हसली. मी सरांकडं बघितलं. ते त्या गाठीकडं बघत होते. पोरांना शब्द विचारला नाही, काही नाही. परत येताना अशी सायकल हाणली की आम्ही सगळे मागं.

सुट्टी संपायच्या दिवशी सकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर घेऊन गेलो. घेऊन गेलो म्हणजे अक्षरशः दंडाला धरून. इंदापूरची गाडी लागली. सर चढले. मी हुश्श करतोय तोवर मागच्या दारानं उतरले. “रुमाल राहिला.” रुमाल खिशात होता. गाडी गेली. दुसरी लागली. चढले. “पाणी पिऊन येतो.” गेली तीही. तिसऱ्या गाडीला माझी सटकली. मी वळकटी उचलली, आत गेलो, सीटवर आदळली, तिच्या दोरीचं टोक खिडकीच्या गजाला घातलं आणि अशी निरगाठ आवळली, अशी आवळली, की माझीच बोटं सोलली. मग त्यांना शेजारी बसवलं. हो, बसवलं!

“ओढा आता टोक,” मी म्हणालो. “बघू कसं सुटतंय.”

कंडक्टर बघत होता. त्याला मी सांगितलं, “ह्यांना इंदापूरच्या आधी उतरू देऊ नका.”

“का? आजारी हायत का?”

“न्हाय हो. मास्तर हायत.”

गाडी निघाली. सरांनी खिडकीतून माझ्याकडं बघितलं. घोड्यावरच्या त्या नातवासारखं तोंड झालं होतं. मी खोलीवर परत आलो आणि मोकळी कॉट बघून, खरं सांगतो, मला रडू फुटलं. रोज ज्याच्या नावानं बोटं मोडली तो गेल्यावर खोली खायला उठली.

पत्ता नाही, निरोप नाही. सरांना फोन करायचा कंटाळा, इंदापुरात वहिनींच्या घरी फोन नाही. माझा जीव टांगणीला. पोचले का जंक्शनलाच उतरले? का तिथून भलत्याच गाडीत बसले? क्लासमधली पोरं विचारायची, मी फळ्याकडं तोंड करून गणित घालायचो.

उन्हाळ्यात एका सोयरिकीच्या कामाला निमगाव केतकीला गेलो होतो. तिथून इंदापूर हाकेवर. न राहवून गेलो. गल्लीत शिरलो. काय ऐकायला मिळतंय कोण जाणे.

वहिनी ओट्यावर मशीन चालवत होत्या. मला बघून हसल्या. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं, पण माझं लक्ष अंगणात गेलं. ह्या भिंतीपासून त्या लिंबाच्या झाडापर्यंत एक दोरी ताणली होती. कपडे वाळत होते. पिंकीचा फ्रॉक, लुगडं, आणि एक पुरुषाचा शर्ट. ती सुती दोरी मी रोज सकाळी बघितलेली, मी तिला विसरेन होय?

मी जवळ जाऊन गाठ बघितली. निरगाठ! पण काय निरगाठ, अगदी शिकाऊ माणसाची. एकीवर विश्वास नाही म्हणून दुसरी, दुसरीवर नाही म्हणून तिसरी, त्यावर आणखी एक. दवानं नि उन्हानं आवळून दगड झालेला गुंडा. झाडाकडच्या टोकालाही तसाच.

“त्यांनीच बांधली,” वहिनी मागून म्हणाल्या. “आले त्या दिवशी. तुमाला शिव्या घालतच आले. जंक्शनला उतरून चहा घ्यायचा होता म्हणं, पर तुमची गाठ सुटंना आन् गाडी निघाली. हितं कंडक्टरनं दातानं सोडली.” त्या थांबल्या. “मी काय म्हणते भावजी, उतरायचंच असतं तर वळकटी टाकून उतरले असते. गाठ वळकटीला होती, त्यांना न्हवती. न्हाय उतरले.”

मी तो गुंडा परत एकदा चाचपला.

“घरात आले, वळकटी सोडली आन् दोरी हातात धरून उभेच राहिले अंगणात. मी म्हटलं, आता गुंडाळून पिशवीत घालत्याल, उद्या लागंल म्हणून. तर झाडाकडं गेले. निम्मी दुपार बांधत होते.”

“आणि आता? बसतात का?”

“छे हो! रोज सांजच्याला दोरीखालनं फेऱ्या मारत्यात. भिंतीपासनं झाडापर्यंत, झाडापासनं भिंतीपर्यंत. ओला कपडा तोंडाला लागला तरी थांबत न्हाईत. पर तेवढ्यातच.” वहिनी हसल्या. “शाळेत गेल्यात. येतील इतक्यात. बसा, चहा टाकते.”

मी ओट्यावर टेकलो. पिंकी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंची वाढली होती तिची. मला नीट निरखलं.

“माझं बाबा शाळंत गेल्यात,” तिनं सांगितलं. “आल्यावर मला शब्द शिकवत्यात.”

“हो का? छान.”

तांब्या माझ्या हातात देऊन ती समोर उभी राहिली, हात मागं बांधून. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “पाव्हणं, तुमी कवा जाणार?”